भरल्या पोटी घ्यायची गोळी

आधी मी आजाराने सुजले आणि मग औषधाने. मधले काही दिवस बऱ्यापैकी माणसात होते, पण तेव्हा नेमका कोणी फोटो काढला नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. वडशाजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत बाई होते. एका हिवाळ्यात सकाळी उठले तर डोळे उघडेनात आणि पायातले पैंजण मांसात रुतलेले. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लघवीतून प्रोटीन चाललंय, किडनीचं दुखणं आहे, बरं होईल, पण स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षभर तरी घ्याव्या लागतील.

"मीठ बंद," ते म्हणाले. "आणि गोळ्या सकाळी आठच्या आत, भरल्या पोटी. चहा-बिस्किटावर भागायचं नाही, नीट जेवून. नाहीतर पोटात जखम होईल. आणि मनाने बंद केल्यात, तर चालत येऊ नका, खाटेवर घालून आणायला सांगा."

मिठाचं मला काही वाटलं नाही. आठच्या आत जेवण म्हटल्यावर मात्र माझ्या पोटात गोळा आला, तोही गोळी घ्यायच्या आधीच.

कारण आमच्या घरात मामाजींच्या आधी कोणी जेवत नसे. मामाजी म्हणजे माझे सासरे. धानाची शेती आणि जन्माची हौस नाटकाची. तरुणपणी गावातल्या नाटकात त्यांनी इतक्या वेळा राजा केला होता, की मुकुट उतरला तरी आवाज काही उतरला नाही. तांब्याभर पाणी मागायचे तर वाटायचं, आता प्रधानाचं मुंडकं उडतंय. आंघोळ, पूजा आणि शेतावर एक चक्कर मारून ते साडेनऊला पाटावर बसत. चुलीवरून उतरलेला पहिला भात त्यांच्या ताटात पडे. माझा नवरा वडशाच्या राइस मिलमध्ये कामाला, तो पहाटेच रात्रीची भाजी-भाकर डब्यात घेऊन सायकलवर निघून जायचा, त्यामुळे या भानगडीतून तो बाप्पा कायमचा सुटलेला. मामाजी उठले की मी शाळेच्या घाईत चार घास गिळायची. आणि सगळ्यांचं झालं, भांडी झाली, गोठा झाला, की सासूबाई, आमच्या आत्याबाई, भाताच्या गंजाच्या तळाशी जे काही राहिलं असेल ते घेऊन बसायच्या.

डॉक्टरांचं म्हणणं मी घरी सांगितलं तेव्हा आत्याबाईंच्या हातातला पळा तसाच वर राहिला.

"मामाजीच्या आधी जेवशीन तू?"

"मी कुठी म्हणते? डॉक्टर म्हणते."

"त्याले काय जाते म्हणाले! त्याले राहाचं आहे का या घरात?"

पण बाई मोठी डोकेबाज. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी निकाल दिला, की हे जेवण धरायचंच नाही. हे औषध. गोळी एकटी पोटात जात नाही म्हणून तिच्यासोबत थोडा भात जातो, एवढंच. पाट मिळणार नाही, दाराआड कोपऱ्यात बसायचं, ओसरीकडे पाठ करून. मी म्हटलं, मंजूर. उपाशी माणसाला कोपरा काय आणि सिंहासन काय!

पहिल्या दिवशी त्यांनी मूठभर भात वाढला. पंधरा दिवसांत ती मूठ परातीएवढी झाली. काय भूक हो ती! शाळेत फळ्यावर 'भा' लिहिलं की माझ्याच तोंडाला पाणी सुटायचं. अळणी वरण, अळणी वांगं, अळणी पोपटीच्या शेंगा, समोर येईल ते मी हाणत होते. गाल इतके वर आले की खाली बघितलं तर आधी गालच दिसायचे. मानेमागे गादी आली. हनुवटीवर काळी लव फुटली, ती पाहून नवरा एकदा नुसता हसला आणि मी त्याला असं काही बोलले की तो दोन दिवस रात्रीचाही मिलमध्येच जेवला. कारण रागही आला होता ना सोबत! मुख्याध्यापकांना मी भर सभेत म्हणाले, "सर, हे तुम्ही मागच्या वर्षीपण बोलले होते." बोलून झाल्यावर मीच घाबरले आणि घरी येऊन रडले. रडून झाल्यावर जेवले.

गावाला तर करमणूकच झाली. नळावरच्या बाया म्हणायच्या, "मस्तरीनबाईची तब्येत काय सुधरली वो!" शेजारणीने न विचारता ओंजळभर चिंचा आणून दिल्या आणि कानाशी लागली, "कितवा आहे?" मी म्हटलं, "चौथा." तिचे डोळे चमकले. "गोळ्यांचा चौथा महिना आहे बाई, दुसरं काही नाही." आणि सुट्टीनंतर पहिलीतली एक पोरगी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्या जुन्या बाई कदी येतीन?" त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. मलाही त्या जुन्या बाईची आठवण येत होती.

माझ्या या आठच्या जेवणावर मामाजींनी कधी हूं की चूं केलं नाही. आठ वाजता ते ओसरीवर पाठ फिरवून बसायचे. पण वास कसा अडवणार? एकदा तिकडूनच राजाचा आवाज आला, "आज औषध काय आहे?"

"वांग्याची भाजी," आत्याबाई आतून म्हणाल्या.

"कालचं औषध कोनतं होतं?"

"मासोळीचा रस्सा."

"मंग बरी होईन थे लवकर," मामाजी म्हणाले आणि शेताकडे निघून गेले.

दरम्यान कोपऱ्यात आणखी एक गोष्ट चालली होती, तिकडे माझं लक्ष जरा उशिरा गेलं. आत्याबाई रोज माझ्यासमोर बसायच्या, मी पोटभर जेवते की नाही बघायला. मग एक दिवस म्हणाल्या, "भाजीत चुकून मीठ तं नाई पडलं? थांब, पायतो." आणि माझ्या ताटातला एक घास घेतला. नव्हतं पडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री केली. डॉक्टरांनी बजावलं होतं ना! मग वरणातही बघायला हवं, आणि भातातही, भातात मीठ कोणी घालत नाही तरी. महिन्याभरात खात्री करायला त्यांना स्वतःची ताटली लागू लागली. मी भुकेली असले तरी आंधळी नव्हते, पण मी गप्प बसले. कोपऱ्यात आम्ही दोघी ओसरीकडे पाठ करून, गुडघ्याला गुडघा लावून, मिठाचा तपास करत होतो.

एकदा घास तोंडात धरून त्या थांबल्या. मला वाटलं खडा लागला.

"गरम भात असा लागते व्हय," त्या म्हणाल्या.

त्या घरात त्यांना आणून तीसेक वर्षं झाली होती. रोज दोन वेळा त्याच चुलीवर, त्याच हातांनी त्यांनी भात रांधला होता.  मी त्यांना आणखी भात वाढला, आणि त्यांनी नको म्हटलं नाही.

मग माझ्या गोळ्या कमी होऊ लागल्या. डॉक्टर दर महिन्याला थोड्या थोड्या काढत होते. गाल ओसरले, लव झडली, राग उतरला, पैंजण परत फिरू लागले. मी खूश, नवरा तर माझ्यापेक्षा खूश. आत्याबाईंचं तोंड मात्र उतरत चाललं. ब्रह्मपुरीहून आले की पहिला प्रश्न, "अजून कमी केल्या?" केल्या म्हटलं की सुस्कारा. मला वाटलं, त्यांना आजार उलटायची भीती वाटते.

शेवटच्या तपासणीला त्या हट्टाने सोबत आल्या. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर, एसटीत खिडकीशी ताठ बसलेल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि हसले. "अभिनंदन. या आठवड्यानंतर गोळी बंद."

"साफ बंद?" आत्याबाईंनी विचारलं.

"साफ बंद."

"थोडीशी तं राहू द्या."

"आता गरज नाही, आजी. त्या बऱ्या झाल्या."

आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "मंग मले एक लिहून द्या ना साहेब."

"तुम्हाला? कोणती?"

"कोनती बी. फक्त सकाळी घ्याची पाहिजे. जेवल्यावर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला होतंय काय?"

"काई नाई होत."

त्या बिचाऱ्याला काही कळेना. त्याने नाडी पाहिली, ब्लडप्रेशर पाहिलं, डोळे पाहिले आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "आजी, तुम्ही एकदम ठणठणीत. औषधाची काही गरज नाही." बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईने विचारलं, काय सांगितलं डॉक्टरने? आत्याबाई म्हणाल्या, "काईच नाई झालं म्हनते मले." इतकं वाईट तोंड करून म्हणाल्या की त्या बाईने चुकचुक केलं. मला हसू फुटलं आणि तसंच डोळ्यात पाणीही आलं, आणि आता तर स्टेरॉइडवर ढकलायचीही सोय उरली नव्हती. 

गोळी संपल्यानंतरच्या पहिल्या सकाळी त्यांनी भात नेहमीच्या वेळी चढवलाच नाही. आठ वाजले, चूल थंड. "आता कायची घाई," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडत बसल्या, निवडलेलेच. मग मीच चूल पेटवली. भात झाला, वरण झालं, मीठ घातलेलं. मी स्वयंपाकघराच्या मधोमध पाट मांडले, दोन. दोन ताटं वाढली आणि आत्याबाईंना हाताला धरून बसवलं. त्या म्हणत होत्या, अवो पोरी, काय करतेस, अवो ते येतीन.

ते आलेच. दारात उभे राहिले, धोतराचा सोगा हातात, कपाळावर गंध.

"औषध बंद झालं म्हने," मामाजी म्हणाले. पुरा राजाचा आवाज.

आत्याबाईंचा हात ताटावर तसाच थांबला.  मुख्याध्यापकांना बोलले होते ती गोळीच होती, मी नव्हते, असं त्या क्षणी मला स्वच्छ कळलं. तरीपण म्हटलं, "माझं बंद झालं मामाजी. आत्याबाईचं चालू राह्यते."

"हिले काय झालं?"

"भूक लागते त्याहिले. सकाळी."

मामाजी बायकोकडे बघत राहिले. माझ्या लग्नानंतर त्यांनी तिच्याकडे इतका वेळ बघितलेलं मला आठवत नाही. वाफ निघत होती भाताची.

"रोज लागते?" त्यांनी विचारलं. आवाज साधा होता, घरातल्या माणसाचा.

"रोज," आत्याबाई खाली बघून म्हणाल्या.

ते आत आले. कोपऱ्यातला तिसरा पाट स्वतः ओढून बसले आणि कोणी वाढायची वाट बघू लागले. आत्याबाईंचा गुडघा हलला, उठायला. मी तो माझ्या गुडघ्याने दाबून धरला.

थोड्या वेळाने मामाजींनी खाकरून स्वतःच एक ताट घेतलं, गंज जवळ ओढला, पळा उलटा धरला, चुलीपर्यंत भात सांडला आणि उरलेला ताटात घेतला. आत्याबाई सांडलेल्या भाताकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या ताटातला गरम घास उचलला आणि बसल्या जागी जेवू लागल्या.