बसस्टॉपवरची सलोनी

उल्का दीक्षित जिन्यात आल्या की धायरीच्या त्या शाळेत वर्गांचा आवाज आपोआप खाली यायचा. त्या भूगोल शिकवत आणि माध्यमिक विभागाच्या पर्यवेक्षिका होत्या. शिस्तीचं खातं त्यांच्याकडे. हात त्यांनी कधी कुणावर उगारला नाही, पण उशिरा येणारा मुलगा त्यांना फाटकात पाहून परत घरी जायच्या विचारात पडे. हा दरारा त्यांना आवडायचा, हेही खरंच.

नववीतल्या सलोनीने सौमित्रच्या तोंडावर कंपासपेटी फेकून मारली, तेव्हा निर्णयाला वेळ लागला नाही. भुवईवर टाके पडले होते. त्याचे आईवडील मुख्याध्यापकांसमोर बसले होते. मुख्याध्यापक शुभंकर सर म्हणाले, "आठवडाभर निलंबन. उल्काबाई, आपण मुलीला आणि तिच्या आईला सांगा."

उल्काबाईंनी सांगितलं. आई पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली. सलोनी मात्र म्हणाली, "मॅडम, काय झालं ते मला नाही विचारणार?"

"जे झालं ते सगळ्या वर्गानं पाहिलंय," उल्काबाई म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या खिडकीतून त्यांना ती दिसली. समोरच्या बसस्टॉपवर, गणवेशात, दप्तर मांडीवर घेऊन. बसमागून बस गेली, पण सलोनी एकाही बसमध्ये चढली नाही. मधल्या सुट्टीत तिने तिथेच डबा खाल्ला. शाळा सुटली तशी मुलांच्या लोंढ्यात मिसळून घरी गेली. पुढच्या दिवशी पुन्हा तेच.

उल्काबाईंचं शिकवण्यात लक्ष लागेना. दख्खनच्या पठारावरून त्या थेट हिमालयात गेल्या आणि मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात असं त्यांचं चाललेलं पाहून आमोद, त्यांचे यजमान, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "निलंबन तिचं झालंय की तुझं?"

सकाळी त्या रस्ता ओलांडून स्टॉपवर गेल्या. सलोनी चटकन उठून उभी राहिली.

"खाली बस. घरी का नाही थांबलीस?"

"आई स्वयंपाकाची कामं करते, ती बाहेर असते. बाबांची रात्रपाळी असते, ते दिवसा घरी झोपतात. मी घरी दिसले तर विचारतील. त्यांना सांगितलेलं नाही."

"का?"

"शाळेतून तक्रार आली तर यवतमाळला आजीकडं पाठवीन, असं ते म्हणाले होते. आईच म्हणाली, तू रोज गणवेश घालून नीघ."

उल्काबाई बाकावर टेकल्या. "त्या दिवशी काय झालं होतं?"

सलोनी रस्त्याकडे बघत म्हणाली, "आता विचारून काय उपयोग?"

एक मोटारसायकलवाला स्टॉपजवळ रेंगाळत होता. उल्काबाईंनी नजर रोखल्यावर निघून गेला. म्हणजे कालही असाच कुणी थांबला असेल? परवा? त्या उठल्या, पुन्हा बसल्या, मग तरातरा शुभंकर सरांच्या खोलीत गेल्या.

"फाटकाबाहेरची जबाबदारी आपली नाही," सर म्हणाले.

"बाहेर तिला आपणच काढलंय."

"नियम आहे, बाई. मुलाचे वडील रोज फोन करतात, त्यांना काय सांगू?"

"मग माझी आजची रजा लिहून घ्या."

आणि शाळेच्या इतिहासात कुणी पाहिलं नव्हतं ते दृश्य दिसलं. कडक उल्काबाई बसस्टॉपवर बसून मुलीला भूगोल शिकवत होत्या. वरच्या मजल्याच्या खिडक्यांत डोकी जमली. स्टॉपवरच्या एका आजोबांनी विचारलं, "शाळा इकडे हलवली का?" "तात्पुरती," उल्काबाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत शिपाई बोलवायला आला. उरलेले दिवस सलोनीने ग्रंथालयात बसायचं, वर्गात जायचं नाही, एवढ्यावर सर तयार झाले. "आणि शिस्तीचं काम यापुढे आपण पाहू नका," असंही म्हणाले.

खरं काय ते उल्काबाईंना सौमित्रकडूनच कळलं. बुटाकडे पाहत तो म्हणाला, "ती यवतमाळकडची, सुरुवातीला 'करून राहिली, जाऊन राहिली' असं बोलायची, म्हणून आम्ही तिची नक्कल करायचो. गंमत म्हणून. त्या दिवशीही."

"कधीपासून?"

"ती शाळेत आल्यापासून."

सलोनी हल्ली शाळेत इतकं शुद्ध, इतकं तोलून का बोलायची, हे उल्काबाईंना तेव्हा उमगलं. त्यांनी सौमित्रला तिची माफी मागायला लावली. त्याने मागितली. सलोनीनेही मागितली. दोघांचेही चेहरे कोरडेच होते.

इथे सारं मिटायला हरकत नव्हती. पण महिन्याभराने पालकसभेत कुणीतरी निलंबनाचं बोलून गेलं, ते कानावर पडून सलोनीचे वडील, संपत, सुरक्षारक्षकाच्या गणवेशातच शाळेत आले. उल्काबाईंनी खुर्ची पुढे केली, पण ते उभेच राहिले.

"पोरीचं चुकलं का नाही, तेवढं सांगा."

"चुकलं. मारायला नको होतं. पण आधी तिला त्रास दिला गेला आणि आम्ही तिला विचारलं नाही. आमचं जास्त चुकलं."

संपत खुर्चीच्या कडेवर बसले. "मंग मले काऊन नाही सांगितलं? माही पोरगी रस्त्यावर बसून रायली, अन् मी घरात झोपलो होतो."

"आपण तिला यवतमाळला पाठवाल, अशी भीती..."

"रागात बोललो असन. मी काय राक्षस आहो का, मॅडम? तुमी तरी एक फोन करायचा."

मुलीला विचारलं नाही म्हणून उल्काबाई इतके दिवस तळमळत होत्या, आणि या माणसालाही त्यांनी न विचारताच मनात शिक्षा सुनावून टाकली होती.

"शिकन ते इथंच," जाताना संपत म्हणाले. "पन पुढच्या वेळी मले बोलवा."

सलोनी शिकली. दहावी पास होऊन तिने हडपसरला कॉलेजात प्रवेश घेतला. शाळेत पेढे द्यायला आली तेव्हा उल्काबाईंनी तिला बसवून घेतलं, पण गप्पा काही रंगल्या नाहीत. तासाची घंटा झाली तशी उल्काबाईंनी पुस्तकं उचलली, आणि पेढा ठेवून ती उठली. सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून घरी जाताना उल्काबाईंना वाटत राहिलं, तिला अजून काहीतरी बोलायचं होतं, आणि आपण पुन्हा घाईच केली.