भावोजींची पाचची गाडी

पनवेलमध्ये सूर्यसुद्धा माझ्या भावोजींना विचारून उगवतो, अशी माझी लहानपणापासूनची समजूत आहे. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. मूळचे जासईचे, पण तीस वर्षं पनवेलच्या बसस्टँडवर कंट्रोलर. काचेच्या खोलीत बसून गाड्या सोडायच्या आणि माइकवरून पुकारायच्या, हे त्यांचं काम. माइक हाती आला की हा माणूस असं शुद्ध बोले, की शाळेतल्या मास्तरांनी ऐकत राहावं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. श्रीवर्धनला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे." माइक बंद झाला की लगेच, "कवाधरून सांगतोय, नाय आयकत कोनी!" मी मित्रांना मुद्दाम स्टँडवर नेऊन हा आवाज ऐकवायचो. एवढा मोठा माणूस आमच्या घरात दुसरा नव्हता.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण गाड्या सोडणं काही थांबलेलं नाही. घरात जेवणाची ताटं फलाटावर लागतात आणि अंघोळीला उशीर करणारा नातू पुढच्या फेरीला बसतो. माझ्या लग्नात मुहूर्ताला दोन मिनिटं उरली तरी भटजी चहाच पीत होते. भावोजींनी मांडवातला माइक उचलून त्यांना असं पुकारलं, की बिचारे कपबशी हातात घेऊनच पाटाशी हजर झाले. माझा संसार वेळेवर सुरू झाला तो त्यांच्यामुळे.

फक्त एक गाडी त्यांनी कधी सोडली नाही. ताईला त्यांच्याबरोबर समुद्रावर जायचं होतं. वाळूत शेजारी बसून सूर्य बुडताना बघायचा, एवढीच तिची हौस. दर मे महिन्यात ती विचारायची आणि उत्तर ठरलेलं असायचं, "मे म्हैन्यात? मंग जादा गाड्या कोन सोडंल?" साऱ्या जगाला श्रीवर्धनला धाडणारा हा माणूस स्वतः कधी श्रीवर्धनला गेला नव्हता.

या मे महिन्यात अखेर आम्ही सगळे गेलो. भाच्याच्या गाडीत बसवण्याआधी भावोजींनी आम्हाला दोनदा मोजलं. पहिल्या संध्याकाळी समुद्रावर पंचवीस मिनिटांचा थांबा मिळाला आणि सूर्य बुडायच्या आत आम्ही खाणावळीत होतो, कारण "मंग गर्दी व्हते." तिथे अजून मासे साफही झाले नव्हते. ताई रिकाम्या ताटाकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी पाचला निघायचं होतं, अंधाराआधी घाट ओलांडायचा म्हणून. आम्ही सामान गाडीत टाकलं. ताई मात्र वाळूत बसूनच राहिली.

"ऊठ, चल. वेल झाला," भावोजी म्हणाले.

"तुमी व्हा पुढं. मी आज बगूनच येनार."

तिचा आवाज जराही चढला नव्हता, म्हणूनच भाच्याने गाडीची किल्ली परत खिशात टाकली. भावोजींनी घड्याळ पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग बराच वेळ ताईच्या पाठीकडे पाहिलं. पूर येवो नाहीतर घाट बंद पडो, आपल्या हातून एकही गाडी रद्द झाली नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अभिमान. त्यांनी घसा साफ केला, मूठ तोंडाशी धरली आणि भेळवालेसुद्धा वळून बघतील अशा आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. पनवेलला जाणारी पाच वाजताची गाडी रद्द करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

भाच्याने टाळ्या वाजवल्या. भावोजी पँट दुमडून ताईशेजारी बसले, ते तब्बल दोन तास. समोर पोरं लाटांत उड्या मारत होती, एक आजीबाई लुगडं भिजवून खिदळत होत्या. "तीस वर्सं लोकांना हिकडंच धाडत व्हतो," भावोजी हळूच म्हणाले. "हिकडं आसं आसतं, कोनी सांगलं नाय."

"मी दर वर्साला सांगत व्हते," ताई म्हणाली.

भावोजींनी तिच्या पदरावरची वाळू झटकली. सूर्य पाण्याला टेकला, अर्धा झाला, गेला. ताईचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. पुन्हा सगळ्या मित्रांना धरून आणावं आणि सांगावं, बघा, हे माझे भावोजी, असं मला फार वाटलं. निघायचं म्हणून मी सवयीनं त्यांनाच विचारलं, "भावोजी, किती वाजले?"

"नाय बगितलं," ते म्हणाले.