पिवळ्या लुगड्याच्या मागे

माझ्या फजितीचं सांगतो, पण आधी कप खाली ठेवा, चहा सांडेल!

तलासरीच्या शाळेत बदली होऊन आठ महिने झाले होते. खोलीवर एकटा. शनिवारी शाळा सुटली, की माझा आवाज मला थेट सोमवारी हजेरी घेतानाच ऐकू यायचा! अशात आमचे शिपाई लखमाकाका म्हणाले, "सर, विवळवेढ्याच्या जत्रेला या. देवळामागं चिंचेखाली आमी सगळी बसतो. बारा वाजता जेवण आमच्यातच."

आठ महिन्यांतलं पहिलं आमंत्रण! मी शर्टाला इस्त्री केली हो.

जत्रेत ही गर्दी! दुकानांमधली वाट हातभर. इकडची माणसं अशा वेळी एकामागे एक चालतात, पुढच्याचा कपडा धरून, चुकामूक नको म्हणून. डोक्यावर नवं सूप घेतलेले एक दादा अगदी ठामपणे चालले होते. यांना वाट माहीत असणारच! मी त्यांचा सदरा धरला. तेवढ्यात एका आजीनं माझ्या पिशवीचा बंद धरला. तिच्यामागे चार नातवंडं, शेवटी पिवळ्या लुगड्यातली सून.

खरं सांगू? मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला धरलं होतं.

सुक्या बोंबलांचं दुकान आलं. मग बांगड्या. मग पाळणा. मग परत बोंबील! चौथ्यांदा बोंबील आले तेव्हा मी विचारलं, "दादा, चिंच कुठंय?"

"मला काय म्हाईत? मी त्या पिवळ्या लुगड्याच्या मागं चाललोय!"

"आणि आजी, तुम्ही?"

"तुमच्या मागं. चष्मा हाय, शिकलेलं दिसता!"

म्हणजे आम्ही आठ जण एकमेकांच्या भरवशावर गोल गोल फिरत होतो! सगळे पोट धरून हसले आणि आपापल्या वाटेनं गेले. चिंच बोंबलांच्या मागेच होती, दहा पावलांवर.

पोचलो तेव्हा दोन वाजले होते. पत्रावळी उचललेल्या.

"सर, चार येळा हाका मारल्या," काका म्हणाले. "पण तुमच्यासंगं येवढी माणसं! म्हटलं, सरांच्या घरची आलीत, आता सर आमच्यात कशाला जेवतील? तुमी जेवलात ना त्यांच्यासंगं?"

पातेल्यात अजून रस्सा दिसत होता. भूक तर अशी लागली होती! पण कुणाला तरी वाटलं होतं, की माझीही माणसं आहेत.

"हो तर," मी ऐटीत म्हणालो, "पोटभर!"

आणि खोलीवर येऊन बिस्किटांचा पुडा फोडला.