पांगळीचा वास

तापाचं निमित्त झालं आणि माझ्या बायकोला वास येईनासा झाला. दूध करपलं तरी कळेना. एकदा गॅस तसाच चालू राहिला. तेव्हापासून मी घराबाहेर पडलो की जीव टांगणीला. डॉक्टर म्हणाले, रोज उग्र वास हुंगायला द्या. हिंग झाला, कापूर झाला, निलगिरीचं तेल झालं. मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे घरातले डबे संपल्यावर रानात शिरलो. दर रविवारी गाडी काढायची, काहीतरी चुरगळून तिच्या नाकाशी धरायचं, आणि तिने नकारार्थी मान हलवायची. खरं सांगतो, मला कंटाळा आला होता.

हरसूलकडे ओढ्याकाठी पांगळी वाढते. तुळस-पुदिन्याच्या कुळातली. तिला सावली आणि ओल लागते. कमरेइतकी होते, बुडाशी लाकडासारखी घट्ट. वरचा भाग वाळला तरी पावसाळ्यात पुन्हा फुटते. खोड चौकोनी, जांभळट. पानं समोरासमोर, दातेरी. थंडीत पांढरी फुलं येतात, त्यांतून जांभळे केसाळ पुंकेसर डोकावतात. वास असा, की मी वर्गात एक डहाळी नेली तरी पुढच्या तासाचे सर कुरकुरायचे.

त्या रविवारी फुलांना अजून अवकाश होता. बायको गाडीतच बसली. मी गुडघे सांभाळत ओढ्यात उतरलो, हाताला लागली ती दातेरी पानांची डहाळी तोडली आणि आणून दिली. तिने पान चुरगळून हुंगलं.

“येतोय हो! चांगला उग्र येतोय.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. डहाळी परत हातात घेतली, तर बोटांना खोड गोल लागलं. हुंगून पाहिलं. नुसता गवताचा वास. पांगळी नव्हतीच ती.

“अगं, ही भलतीच आहे. हिला वासच नाही.”

तिने बोटांना लागलेला पानाचा चुरा झटकला. मग म्हणाली, “तुम्ही फार दमलात हो. बघवत नाही. आता पुरे करा.”

मला आधी राग आला. मग सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचा जास्त राग आला. तसाच पुन्हा उतरलो, या वेळी नीट पाहून पांगळीची जुडीच तोडली आणि मागच्या सीटवर टाकली.

परतताना गाडीत इतका दर्प कोंडला की माझं डोकं उठलं. शेवटी मी काच खाली केली.

“काच कशाला उघडली?” शाल ओढून घेत ती म्हणाली. “केवढा गार वारा येतोय.”