एका बॉलची साक्ष

गोली काहीही घ्यायचा ते दोन्ही हातांनी. पाण्याचा तांब्या असो, चहाचा कप असो की आमसुलांची पुडी, त्याचे दोन्ही तळवे एकदम पुढे यायचे आणि हातात आलेली वस्तू आधी छातीशी जायची. एकदा मी ओट्यावरून त्याच्याकडे सोललेला नारळ टाकला, तर त्याने तो पोटाशी धरून अंग असं मुडपलं, की जणू मागून कोणी हिसकावून घेणार आहे. मला हसू आलं. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, "काकी, हातात आला म्हणून आपला होत नाय. पोटाशी आला की मग आपला."

आमच्या मांडवीत गोल सांभाळणाऱ्याला पोरं गोली म्हणतात. गोली पुष्कळ झाले, पण हे नाव चिकटलं ते या एकालाच. पुढे पेपरात त्याचं खरं नाव छापून आलं तेव्हा वाडीतली माणसं हा कोण म्हणून विचारत होती. त्याचे वडील बोटीवर, वर्षातून एकदा घरी यायचे. आई मिरजोळ्याला मासळीच्या कंपनीत पाळीवर जायची. त्यामुळे शाळा सुटली की तो आमच्या मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात यायचा. मी डब्यांच्या भाकऱ्या भाजत असायचे. तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचा आणि गरम भाकरी गार होईपर्यंत थांबायचा नाही.

बसल्या जागेवरून सगळ्यांना सांगत राहायची त्याला सवय होती. काकी, डावीकडे तवा तापलाय. काकी, मागे मांजर. रेशनच्या रांगेतसुद्धा तो शेवटी उभा राहून पुढच्यांना सरका, पिशवी उचला, म्हातारीला पुढे घ्या, असं सांगायचा. लोक वैतागत. मीही एकदा म्हटलं की जरा तोंड मिटून बस. तेव्हा म्हणाला, "गोलीला सगळं मैदान दिसतं. दिसलं आणि बोललो नाय, तर झालेला गोल माझाच." मी स्वतः चार माणसांत बोलत नाही. घरात परका माणूस आला की मी आत जाते. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मित्रांना घेऊन जेवायला आला की तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा, माझ्याकडून ताटं घ्यायचा आणि बाहेर द्यायचा. मला बाहेर यायला लागू नये याची काळजी दुसऱ्या कोणी घेतल्याचं मला आठवत नाही.

देशातल्या मोठ्या लीगमधल्या एका क्लबने त्याला घेतलं, तेव्हा वाडीत पेढे वाटले. करार चाळीस पानांचा, इंग्रजीत. एका हॉटेलात क्लबचा माणूस पानं उलटत गेला, बोट ठेवत गेला आणि हा सह्या करत गेला. घरी आल्यावर त्याने मोबाइलवर ती पानं दाखवली. मी विचारलं, एवढं काय लिहिलंय रे. "मला घेतलंय असं लिहिलंय," तो म्हणाला.

त्या पानांत काय काय होतं ते आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं. त्या वर्षी सामन्यात पडून त्याच्या उजव्या खांद्याला मार बसला. क्लबच्या डॉक्टरांनी तीन महिने विश्रांती सांगितली. बरं वाटलं नाही तर ऑपरेशन, आणि ते क्लब करणार. हात पट्ट्यात बांधून तो मे महिन्यात घरी आला. नेमके तेव्हाच मुंबईकर आलेले असतात आणि मांडवीच्या काळ्या वाळूत वाडीची फुटबॉलची स्पर्धा असते.

स्पर्धा सुरू करायची आमची एक रीत आहे. गोलाच्या तोंडाशी नारळ फोडायचा, मग वाडीतल्या सगळ्यात जुन्या खेळाडूने पहिला बॉल मारायचा आणि वाडीतल्या सगळ्यात चांगल्या गोलीने तो आत जाऊ द्यायचा. पहिला गोल म्हाताऱ्याचा, त्याशिवाय मैदान उघडत नाही. कमिटीच्या अण्णांनी गोलीला उभं राहायला सांगितलं. तो नाही कसा म्हणणार? माझी चहाची आणि भज्यांची शेगडी गोलाच्या खांबामागेच, ताडपत्रीच्या आडोशाला होती. त्याने खांद्याचा पट्टा सोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, दोन मिनिटं धर.

बॉल मारणारे होते तांडेल आजोबा. जन्म होडीवर गेलेला, पण पाय अजून घट्ट. त्यांनी बॉल असा कोपऱ्यात मारला, की गोलीचं मन राहिलं बाजूला आणि अंग गेलं. आडवा पडून त्याने तो धरला. सगळा किनारा हसायला लागला. आजोबा मात्र खरेच चिडले. "शिंच्या, माझा गोल खाल्लास," म्हणाले. गोली वाळूतून उठून त्यांच्या पाया पडला, माफी मागितली आणि त्यांना पुन्हा बॉल मारायला लावला. तो त्याने सोडला. मग माझ्याकडे येऊन पाठ केली. मी पट्टा बांधायला लागले तेव्हा हळूच म्हणाला, "काकी, जरा सांभाळून." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. संध्याकाळी मी मिठाची पुरचुंडी तापवून त्याचा खांदा शेकला.

स्पर्धा चार दिवस चालली. तो एकही सामना खेळला नाही, माझ्या शेगडीजवळ बसून भजी खात पोरांना सूचना देत होता. पण बक्षिसाच्या दिवशी अण्णांना भरून आलं. आपला पोरगा एवढा मोठा झाला, त्याला मोकळ्या हाताने कसं पाठवायचं? त्यांनी उत्कृष्ट गोलीची ट्रॉफी त्यालाच दिली. ज्या पोराला ती मिळायची त्यानेसुद्धा टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले, आजोबांचा बॉल धरतानाचा व्हिडिओ गावभर फिरला. आठ दिवसांत क्लबचं पत्र आलं. करारात मनाई असताना परवानगीशिवाय बाहेरच्या स्पर्धेत खेळलात, उत्कृष्ट गोली ठरलात, त्याचा फोटो आमच्याकडे आहे, म्हणून करार संपला. नाव मात्र लीगच्या यादीत अडकलेलं, म्हणजे दुसऱ्या क्लबकडेही जाता येईना.

त्यानंतर तो आमच्याकडे येऊन बसायचा, पण बोलायचा नाही. मी वळताना तापलेल्या तव्याला कोपर लागलं तरी त्याने पाहिलं नाही. फोन वाजला की दचकायचा. मला रात्री झोप लागेना, दिवसा भाकऱ्या करपायला लागल्या.

खेळाडूंच्या संघटनेने त्याची बाजू घेतली. मुंबईहून एक वकील मॅडम आल्या, तरुण, पायात साध्या चपला. त्यांनी ओटीवर बसून समजावून सांगितलं. जखमी खेळाडूला काही ना काही कारण काढून घालवायचं हे क्लबांनी सुरू केलं होतं. आणखी सहा पोरं अशीच लटकलेली होती. लीगच्या तंटे सोडवणाऱ्या समितीपुढे गोलीचं प्रकरण पहिलं होतं, ते पडलं असतं तर सगळी पडली असती. लीगने त्याला एक वाटही दाखवली होती. मी स्पर्धेत खेळलो, माफ करा, असं लिहून दे, नाव मोकळं करतो. त्याने ते लिहून दिलं नव्हतं. मॅडमनी कारण विचारलं. तो म्हणाला, "मी खेळलोच नाय, तर माफी कसली मागू? आणि मी मागितली तर त्या सहा जणांना पण मागायला लावतील."

साक्षीदार हवा होता. अण्णा पाहिजे ते तोंडी सांगायला तयार होते, पण ट्रॉफी उगाच दिली हे कागदावर द्यायला धजेनात. ट्रॉफीचा खर्च करणारा चिडेल, ज्याची हुकली त्याची वाडी चिडेल. आईची साक्ष धरणार नव्हते. गोलाजवळ आणखी कोण होतं, असं मॅडमनी विचारलं. गोलीने माझं नाव घेतलं नाही. मी आत स्वयंपाकघरात होते. तिथूनच म्हटलं, मी होते, पट्टा माझ्या हातात होता.

मॅडमनी आत येऊन, खाली पाटावर बसून माझ्याकडून सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते टाइप करून आणलं. मी अक्षरावर बोट ठेवून वाचते, त्याला वेळ लागतो. सगळे थांबले होते. गोलीची आई पाळीवरून आली होती, तीही दारात थांबली. शेवटून तिसऱ्या ओळीवर माझं बोट अडलं. 'बॉल धरताना त्याच्या खांद्याला कोणताही त्रास झाला नाही', असं तिथे होतं. मी म्हटलं, हे मी सांगितलेलं नाही.

मॅडम म्हणाल्या, तुम्ही बोलला नाहीत म्हणून झाला नसेल असं मी धरलं. मी मिठाच्या शेकाचं सांगितलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या की ही ओळ काढली आणि क्लबच्या वकिलांनी विचारलं, तर करार तोडणं चूक ठरेलही, पण खांदा तिकडे बिघडला म्हणून क्लब ऑपरेशनमधून अंग काढून घेईल.

गोलीच्या आईने मासळीचा वास येणारे हात पदराला पुसले. "माझ्या पोराचा हात आहे तो," ती मला म्हणाली. "तुझी नुसती एक ओळ आहे."

तिचं खोटं नव्हतं. मी गोलीकडे पाहिलं. त्याने माझ्या हातातला कागद बघितला. मग म्हणाला, "मी न वाचता चाळीस ठिकाणी सह्या केल्या, काकी. तुला एकाच ठिकाणी करायचीय. तुला ठाऊक आहे तेवढंच ठेव." त्याची आई उठून गेली. मॅडमनी ती ओळ खोडली, बाजूला मी सही केली.

सुनावणी मोबाइलवर होती, दुपारी. मॅडमनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. चौकटीत तीन अनोळखी चेहरे आणि क्लबचे वकील. माझ्या मराठीचं मॅडम हिंदीत करून सांगत होत्या. गोलीला खोलीत बसायची परवानगी नव्हती, तो मागच्या पायरीवर बसला होता. वकिलांनी विचारलं, तुम्ही त्याच्या नात्यातल्या का? मी नाही म्हटलं. मग त्याला रोज जेवायला का घालता? मी म्हटलं, तो त्या वेळेला येतो म्हणून. चौकटीतल्या एक बाई हसल्या, तेव्हा मला थोडा धीर आला. पहिला बॉल कोणाचा, तो सोडायचा का असतो, ट्रॉफी का दिली, हे सगळं मी सांगितलं. त्यानंतर चार दिवसांत तो एकदाही गोलात गेला नाही, पट्टा दुसऱ्यांदा सुटला नाही, हेही सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, बॉल धरल्यावर त्याला दुखलं का?

मी एकदा मागच्या पायरीकडे पाहिलं. मी म्हटलं, "दुखलं."

निकाल महिनाभराने आला. रीत म्हणून धरलेला एक बॉल म्हणजे सामना नव्हे. जखमी खेळाडूला असं काढता येणार नाही, हाच नियम बाकीच्या सहा जणांनाही लागू. गोलीचं नाव मोकळं. पण खांद्याचा बिघाड त्या बॉलने वाढल्याचं साक्षीत आलं आहे, म्हणून त्याचं ऑपरेशन क्लबवर नाही. मॅडम फोनवर जिंकलो म्हणत होत्या, आणि त्यांचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता.

मुंबईच्या धर्मादाय इस्पितळात त्याचा नंबर लागेपर्यंत पावसाळा संपला. उशीर झाला होता. हात कानापर्यंत जायचा, त्याच्या वर नाही. मोकळ्या झालेल्या गोलीला कोणत्याच क्लबने बोलावलं नाही. त्याची आई माझ्याशी बोलत नव्हती. भाकऱ्या मात्र घेऊन जायची.

थंडीत त्या सहांपैकी एक जण त्याला भेटायला आला. डोंगराळ मुलखातला मुलगा, हिंदीही अडखळत बोलणारा. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन क्लबने केलं होतं, तो पुन्हा पळायला लागला होता. बांगड्याचं तिखलं त्याला फार आवडलं. जेवता जेवता त्याने गोलीला खांद्याचं विचारलं. गोली म्हणाला की झोपेत वाकडा पडलो, होईल बरा. मी वाढायला उभी होते. मुलाच्या ताटात आणखी भात घातला आणि आत आले. आत गोलीची आई उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "भात पुरेल का गो?" म्हणाली, आणि पुरत होता तरी आपल्या घरून पातेलं घेऊन आली.

वडिलांच्या ओळखीने गोलीला आखातात एका शाळेत पोरांना गोल सांभाळायला शिकवायची नोकरी लागली. निघायच्या सकाळी तो मागच्या दाराने आला. इतके दिवस मनात होतं ते मी तेव्हा विचारलं. ती ओळ ठेवली असती तर बरं झालं असतं का रे?

तो उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. वाकल्यावर खांदा अडत होता, तरी मला बांधू दिली नाही. "ठेवली असतीस तर खरं ठाऊक असून मी गप्प बसलो असतो का, ते माझं मला ठाऊक नाय," तो म्हणाला. "ते नको विचारू, काकी."

आता दर शुक्रवारी त्याचा फोन येतो. चेहरा दिसतो, मागे पिवळं मैदान दिसतं, धावणारी पोरं दिसतात. आवाज पूर्वीसारखा मोठा झालाय, मधेच तो पोरांवर ओरडतो. फोन डाव्या हातात असतो. उजवा खांदा चौकटीत येत नाही. मी पडद्याच्या कडेला तो शोधत राहते. त्याची आई माझ्या शेजारी पाटावर बसलेली असते, तीही तिथेच बघत असते. बरा आहेस ना, असं आम्ही विचारतो. तो हो म्हणतो. खांद्याचं आम्ही दोघीही विचारत नाही.