खळीनं चिकटवलेल्या नोटा

"जय भीम, बाई. ह्या नोटा चालतेत का न्हाई, तेवढं बघा."

साहेबराव गुरुजींनी काउंटरवर फाइल उघडली. आत दहाच्या नोटा, एकेक तपकिरी कागदावर चिकटवलेली. चित्रवहीसारखं टापटीप काम!

गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालन्यातल्या एका बँकेत मी कॅशियर होते. गुरुजी जाफराबादकडच्या खेड्यात शिकवायचे. गावच्या बुद्धविहाराला फरशी बसवायची म्हणून लोकांनी मजुरीतून वर्गणी काढली होती. गुरुजी खजिनदार. पेटीत उंदीर शिरला आणि गड्डी मधोमध कुरतडून गेला.

पहिलीच नोट पाहून मी कपाळावर हात मारला. नोटेवर नंबर दोन जागी असतो, आणि दोन्हीकडे तोच असतो. इथे डावीकडे एक, उजवीकडे भलताच. गुरुजींनी तुकडे आकार बघून जुळवले होते.

एजंटसाहेब, म्हणजे आमचे ब्रँच मॅनेजर, म्हणाले, "परत करा. दोन नोटांची एक केलेली फाटक्या नोटांच्या क्लेममध्ये बसत नाही."

ते बरोबरच होतं. नोटा काढते मध्यवर्ती बँक. आमच्या करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे तिजोरीच्या खोलीत, पैसा तिचाच. आम्ही नुसते राखणदार. फाटक्या नोटेचा निकालही तीच देणार.

गुरुजी मटकन बाकावर बसले. "साहेब, पुनवेला विहारात हिशोब द्यायचा हे. उंदरानं खाल्ले म्हणलं, तर लोक विचारतेत, साक्षीला कोण, मांजर?"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते गिळलं. पैशापेक्षा नाव जायची वेळ होती.

"गुरुजी, चिकटवलं कशानं?"

"खळीनं. आमच्या मंडळीनं गव्हाच्या पिठाची करून देल्ती."

म्हणजे जीव होता अजून. नोटेचा कागद कापसाचा, भिजला तरी विरघळत नाही. मी परातीत कोमट पाणी मागवलं.

"बँकेत धुणं काढलं का?" एजंटसाहेब ओरडले.

खळ सुटली, तुकडे मोकळे झाले. पंखा बंद करून ते टेबलावर वाळत घातले. गुरुजी नंबर वाचायचे, मी जोडी शोधायची. थोड्या वेळानं एजंटसाहेबही चष्मा चढवून शेजारी येऊन बसले. जुळलेल्या जोड्या आणि उरलेले तुकडे तसेच सुटे ठेवून क्लेम मुंबईला, मध्यवर्ती बँकेकडे रवाना केला आणि गुरुजींना पावती दिली.

निकाल यायला बराच काळ गेला. दोन नोटा नामंजूर झाल्या, त्यांच्या एका बाजूचा नंबरच उंदराच्या पोटात होता. बाकी सगळे पैसे आले. कोऱ्या नोटा गुरुजींच्या हातात ठेवताना मला माझाच पगार झाल्यासारखा आनंद झाला.

"विहारात काय झालं हो, त्या पुनवेला?"

"पावती काढून राह्यलो, तर लोक म्हणले, ठिवा खिशात. मलाच परत खजिनदार केलं. पन एक अट घातली. पैसा बँकेत, आन् गुरुजीच्या हाताला खळ लागू द्यायची न्हाई."

पुढे रिटायर होईपर्यंत फाटकी नोट घेऊन येणाऱ्याला मी एकच सांगत आले: तुकडे आणा, कारागिरी घरी ठेवा.