पावसात वाळत घातलेले बोंबील

तारोडीच्या चंपाला मासळी वाळवायचं ज्ञान कुणी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन आली, तेव्हा सासूने तिला समुद्रालगतच्या खळ्यावर नेलं आणि बांबूंच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून कसे टांगायचे ते दाखवलं. त्याला पस्तीस वर्षं झाली. सासू गेली, नवऱ्याने, धर्माजीने, गुडघ्यांपायी होडी सोडली. घर चालायचं ते आता त्या खळ्यावरच. दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत तिथे मासळी वाळायची. पाऊस लागला की वलांड्या सोडायच्या, बांबू पडवीत रचायचे आणि डब्यातल्या सुक्या बोंबलांवर पावसाळा काढायचा. हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

कारभार मोबाइलवर आणून लोकांचे हेलपाटे वाचवायला निघालेल्या शहाण्यांना मात्र ते ठाऊक नव्हतं. त्यांनी कुठल्याशा गारेगार खोलीत बसून ‘जागामित्र’ नावाचं ॲप काढलं आणि ऐन जुलैत नीलेश नावाचा सर्वेक्षक टॅबला प्लॅस्टिक गुंडाळून खळ्यावर पाठवला. स्क्रीनवर दोनच पर्याय होते, ‘वापरात’ आणि ‘मोकळी’. समोर चिखल होता. त्याने ‘मोकळी’ दाबलं.

“मोकली कशी?” चंपा म्हणाली. “पावसात वलांड्या उतरवतात. बांबू माज्या पडवीत हायत, चल, दावते.”

“काकी, मला कळतंय. पण ॲपमध्ये पावसाळा नाहीये.”

एवढं बोलून तो पुढच्या जागेकडे गेला. माणूस वाईट नव्हता, पण त्याची अक्कल त्या टॅबमध्ये जमा झाली होती.

आठवड्याने सुनेच्या, मिनलच्या मोबाइलवर मेसेज आला. मोकळी जागा पर्यटकांच्या गाड्यांसाठी घेतली जाणार होती. हरकत असल्यास पंधरा दिवसांत ऑनलाइन नोंदवावी. मिनलकडे फोटो ढिगाने होते, वलांड्या बोंबलांनी भरलेल्या, मागे समुद्र. ॲप जुने फोटो घेईना. त्याला जागेवर उभं राहून आत्ता काढलेलाच फोटो हवा होता. चंपा चिडून थेट कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, “इथे कशाला आलात? सगळं घरबसल्या होतं आता.” हेलपाटे वाचवणाऱ्या योजनेने तिचा पहिला हेलपाटा असा घडवला. दुसरा आणि तिसराही तसाच झाला.

चौदाव्या दिवशी ती पडवीतले बांबू ओढू लागली. धर्माजी ओरडला, “येडी झालीस काय? मासेमारी बंद हाय. टांगशील काय?”

सासू-सुनेने भर पावसात वलांडी बांधली. मग चंपा घरात गेली आणि पावसाळ्याच्या बेगमीचे सुक्या बोंबलांचे दोन्ही डबे घेऊन आली. वाळलेले, कडकडीत बोंबील तिने धो धो पावसात वाळत घातले. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थबकल्या. कुणी हसलं नाही, कारण चंपा रडत होती आणि तिने तोंड फिरवलं नव्हतं.

मिनलने फोटो काढला. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘हरकत मान्य. जागा वापरात. अभिनंदन.’ गावातल्या चार वर्षांच्या पोराला जे पटलं नसतं, ते ॲपला चटकन पटलं. पस्तीस वर्षं तिथे मासळी वाळवणारी बाई तोंडाने खरं सांगत होती, ते तेवढं पटलं नव्हतं.

चार दिवसांनी नीलेश हसत हसत आला. ॲपमुळे जागा वाचलेल्या लाभार्थी म्हणून साहेबांना काकींचा फोटो हवा होता. दारात पाऊल टाकताच त्याने रुमाल नाकाला लावला. भिजून सडलेले बोंबील पाटीत पडले होते.

चंपाने त्यातले पसाभर पिशवीत भरले, गाठ मारली आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

“फोटो नको. सायबाला ह्ये दे,” ती म्हणाली. “ॲपला वास येत न्हाय, सायबाला तरी येल.”